अलिबाग ते दापोली : तीन चाकं, दोन पाय आणि एक टप

परत येऊन पंधरा दिवस झाले तरी रोज कोणी ना कोणी विचारतंय की तुम्ही कोकणात नक्की काय घेऊन गेला होतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

आधी गाडीबद्दल. माझ्या मामेभावाचं, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो, भोसरीला छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. त्याने दोन वर्षं रात्री जागून एक व्हेलोमोबाईल बनवली. म्हणजे तीन चाकांची सायकल, पुढे दोन चाकं मागे एक, आरामखुर्चीत रेलतो तसं बसायचं, पाय पुढे पसरून पॅडल मारायचं आणि या सगळ्यावरून कवच. मोटर नाही, बॅटरी आहे ती फक्त दिव्यासाठी. युरोपात अशा गाड्या कार्बन फायबरच्या मिळतात, नेदरलँड्समधल्या ड्रॉन्टेन गावात तर त्या बनवणारे खास लोक आहेत, पण किंमत आठ-दहा हजार युरोच्या घरात, वर जहाजाचं भाडं आणि कस्टम, म्हणजे आपल्यासाठी विषय संपला. दादाने लोखंडी पाइपचा सांगाडा केला आणि निवडणुकीचे बोर्ड ज्याचे करतात त्या पोकळ प्लॅस्टिक शीटचं कवच चढवलं. वजन भरलं 38 किलो. वरचा टप वेगळा निघतो, डोकं बाहेर ठेवून पण चालवता येते.

ठरलं असं की गाडी आलटून पालटून चालवायची, एक जण गाडीत आणि दुसरा साध्या गिअरच्या सायकलवर. त्यामुळे पाच दिवस दोन्हीची तुलना आपोआप होत राहिली, आणि रस्त्याने शेजारून चारचाक्या जातच होत्या, म्हणजे तिसरी बाजू पण समोर.

दिवस पहिला, अलिबाग ते नांदगाव

टेम्पोने अलिबागला उतरलो आणि सकाळी सातला निघालो. थंडी छान होती, दव इतकं की टपावरून पाणी ओघळत होतं. नागाव, चौल, रेवदंडा हा पट्टा म्हणजे दोन्ही बाजूंना वाड्या आणि मधून चिंचोळा सपाट रस्ता. इथे गाडीने काय मजा आणली म्हणून सांगू! सायकलवर माझा वेग अठरा-वीसचा असतो, त्याच दमात गाडी सव्वीस-सत्तावीसने जात होती. कारण सोपं आहे. सपाटीवर सायकल जोरात न्यायला लागलो की आपली बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात जाते, आणि इथे कवचामुळे हवा अंगावर न आदळता बाजूने निघून जाते. पातळ कापडी जॅकेट घातलेला दादा मागे सायकलवर कुडकुडत होता आणि मी आत साध्या शर्टात.

रेवदंड्याचा पूल ओलांडला, कुंडलिकेवर धुकं होतं, मच्छीमारांच्या होड्या नुसत्या सावल्यांसारख्या दिसत होत्या. कोर्लईला चहा. या गावात जुनी माणसं अजून पोर्तुगीजमधून आलेली एक बोली बोलतात, चहावाल्या काकूंनी आम्हाला दोन वाक्यं बोलून दाखवली, मला एक शब्द कळला नाही पण लय ओळखीची वाटली, कोकणीच्या हेलासारखी.

कोर्लईच्या पुढे चढ सुरू झाला आणि गाडीची दुसरी बाजू कळली. चढावर कवचाचा उपयोग शून्य, 38 किलो ते 38 किलो. दादा सायकलवर पुढे निघून गेला. पण एक गोष्ट मात्र सायकलीला जमत नाही. आमच्या सगळ्यात हलक्या गिअरला पुढे 22 दाते आणि मागे 36, म्हणजे पॅडलचा एक पूर्ण फेरा मारला की गाडी जेमतेम सव्वा मीटर पुढे सरकते. ताशी चार किलोमीटर. या वेगाला सायकल डुगडुगते, तोल सांभाळता सांभाळता उतरावंच लागतं. इथे तीन चाकं असल्यामुळे तोलाचा प्रश्नच नाही, दमलं की चढावर मध्येच थांबायचं, ब्रेक लावून ठेवायचा, पाणी प्यायचं, झाडावरचा धनेश बघायचा आणि परत निघायचं. मी तीनदा थांबले आणि एकदाही खाली उतरले नाही.

काशिदला शनिवारची गर्दी. दोन किलोमीटर गाड्यांची रांग, सगळ्यांच्या काचा वर, एसी चालू. आमची गाडी कडेकडेने निघून गेली.

मुक्काम नांदगावला एका वाडीत. रात्री घरमालकांनी पोपटी लावली. वालाच्या शेंगा नुकत्या भरल्या होत्या. मडक्यात तळाशी भांबुर्डीचा पाला, मग शेंगा, अंडी, बटाटे, ओवा आणि जाडं मीठ, वर परत पाला ठासून मडकं उपडं ठेवलं आणि भोवती पेंढा-गोवऱ्यांचा जाळ. पाण्याचा एक थेंब नाही. अर्ध्या तासाने मडकं उघडलं तेव्हा जो वास सुटला तो अजून नाकात आहे. जानेवारीत रायगड जिल्ह्यात जात असाल तर राहायच्या ठिकाणी आधी फोन करून पोपटीचं विचाराच, आयत्या वेळी पाला मिळत नाही.

दिवस दुसरा, नांदगाव ते श्रीवर्धन

मुरुडच्या पुढे राजपुरीवरून जंजिरा बघत आगरदांड्याला आलो आणि फेरीबोटीची वाट बघत तासभर बसलो. गाडीभोवती पंधरावीस माणसं जमली. पाच दिवसांत लोकांनी गाडीला दिलेली नावं मी वहीत लिहून ठेवलीयत: विमान, पाणबुडी, रॉकेट, कासव, आणि एका आजीने म्हटलं "पाळणा". बोटीवर तिकीट कसलं फाडायचं यावर थोडी चर्चा झाली, शेवटी मोटारसायकलचं फाडलं.

तिथे महाडच्या कॉलेजचा एक मुलगा होता, त्याने फार चांगला प्रश्न विचारला. म्हणाला, "ताई, हे एवढं फास्ट आहे तर रेसमध्ये का नाही दिसत?" मग दादा रंगात आला. त्याने सांगितलं की फ्रान्समध्ये शार्ल मोशे नावाचा माणूस शंभर वर्षांपूर्वीच चार चाकांच्या पॅडलगाड्या बनवायचा, व्हेलोकार म्हणायचे त्यांना. मग त्याने तसंच रेलून बसायची दोन चाकी सायकल बनवली आणि 1933 साली फ्रान्सिस फॉर नावाच्या सायकलपटूने तिच्यावर एका तासात 45 किलोमीटरच्या वर जाऊन तासाचा विक्रम मोडला. आणि 1934 मध्ये सायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेने सायकलची व्याख्याच अशी केली की रेलून बसायच्या सायकली शर्यतीतून बाद झाल्या. तेव्हा त्या टिकल्या असत्या तर आज गल्लीतल्या सायकलच्या दुकानात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी लटकलेले दिसले असते असं दादाचं म्हणणं आहे, आणि मला ते पटतं. त्या मुलाने बोटीवर सगळ्या बाजूंनी फोटो काढले, स्टिअरिंगचे दांडे पुढच्या चाकांना कसे जोडलेत त्याचं वहीत स्केच केलं. दिघीला उतरताना म्हणाला, "आमच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग आहे." एवढंच. मला फार आनंद झाला.

दिघीचा चढ चढून बोर्ली पंचतन, मग दिवेआगर. जेवायला वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, सोलकढी आणि उकडीचे दोन मोदक, वरून तुपाची धार. जेवून लगेच निघालो ही चूक झाली. दुपारी दीडला टप लावून निघाले आणि वीस मिनिटांत डोकं गरगरायला लागलं. आत लावलेल्या थर्मामीटरमध्ये 41, बाहेर 33. वाटेत एका करंजाच्या सावलीत तासभर पडून राहिले, मीठ-साखरेचं पाणी प्यायले.

गाडी कोकणात न्यायची असेल तर हे लक्षात ठेवा: थंड देशात कवच ऊब देतं, आपल्याकडे तेच भट्टी होतं. टप फक्त पहाटे आणि पावसात. बाकी वेळ डोकं बाहेर, वर टोपी, आणि गाडीच्या नाकाशी वारा आत घेणारं भोक मोठं हवं. दुपारी बारा ते साडेतीन चालवूच नका, त्या वेळात जेवा, झोपा. समुद्रकिनारी पुळणीवर उतरवायचा मोह टाळा, वाळू ब्रेकच्या ड्रममध्ये गेली की करकर थांबत नाही. रोज रात्री गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने नटबोल्ट पुसा, खारी हवा एका रात्रीत गंज आणते. साखळी मात्र आत झाकलेली असते त्यामुळे पाच दिवसांत एकदाही तेल घालावं लागलं नाही, तर सायकलीची साखळी रोज लाल धुळीने माखायची.

साडेतीननंतर समुद्रावरून वायव्येचा वारा सुटला. आम्ही दक्षिणेला चाललो होतो म्हणजे तो मागून आणि थोडा उजवीकडून येत होता, शेखाडीच्या त्या किनाऱ्याला चिकटलेल्या रस्त्यावर गाडी शिडाची होडी असल्यासारखी ढकलली जात होती. कधी मोठा झोत आला की अर्धा हात डावीकडे सरकायची, तेवढं सावध राहावं लागतं. उजवीकडे समुद्र, मावळतीचं ऊन थेट आत. त्या तासासाठी मी परत सगळा प्रवास करायला तयार आहे.

दिवस तिसरा, श्रीवर्धन आणि पुढे केळशी

श्रीवर्धनला ज्यांच्याकडे उतरलो त्यांची सुपारीची वाडी. इथली रोठा सुपारी नावाजलेली, पण 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि एका दुपारीत वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. आजोबांनी दाखवलं, इथून तिथपर्यंत सगळं पडलं होतं, आता नवीन लावलेल्या पोफळी माझ्या खांद्यापेक्षा बऱ्याच उंच झाल्यात. सुपारी लावली की फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. ते बोलताना एका रोपाची वाळलेली झावळी हळूच ओढून काढत होते.

आजोबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. पोस्टमन होते, तीस वर्षं सायकलवर टपाल वाटलं. तीन वर्षांपूर्वी कानाचं काहीतरी झालं, तोल जायला लागला, दोनदा पडले आणि मुलाने सायकल विकून टाकली. आता बाजारात जायचं तर रिक्षा नाहीतर मुलाला सवड मिळेल तेव्हा त्याच्या बाइकवर मागे.

रात्री गाडी वाडीत घ्यायला गेलो तर बेड्यातून, म्हणजे वाडीच्या फाटकातून, जाईना. बेडं 76 सेंटीमीटर आणि आमची गाडी 82. दादा आणि आजोबांच्या मुलाने ती आडवी करून उचलून आत घेतली. आजोबा तेव्हा काही बोलले नाहीत. सकाळी सहाला मी बाहेर आले तर आजोबा आधीच गाडीपाशी, हातात सुतळी, रुंदी मोजतायत.

"बसून बघू का मी?"

दादाने टप काढला, वरचं झाकण पूर्ण सोडवलं, सीट पुढे घेतली. आजोबांनी आधी बूड टेकवलं, मग एकेक पाय हाताने उचलून आत घेतला. पाय पॅडलवरून घसरत होते, तेव्हा माझ्या ओढणीचे दोन तुकडे करून पावलं पॅडलला सैल बांधली. आजी पायरीवरून ओरडल्या, "अहो, पडाल! उतरा बघू!"

"नाही गो पडत. तीन चाकं आहेत."

वाडीच्या बाहेरच्या रस्त्यावर दादा शेजारून चालत होता. पहिली वीस-पंचवीस पावलं आजोबांचे खांदे कानापर्यंत आक्रसलेले, दोन्ही दांडे घट्ट धरलेले, जसं काही आता कोलमडणारच. मग कुठेतरी त्यांच्या लक्षात आलं की कोलमडत नाही. खांदे खाली आले. डावीकडचा हात त्यांनी दांड्यावरून काढला आणि समोरून येणाऱ्या दूधवाल्याला वर केला. वळणाच्या पलीकडे गेले, दादा पळायला लागला. आम्ही बेड्यापाशी उभे, आजी सारख्या पदराने तोंड पुसतायत. वीस मिनिटांनी परत आले ते मांडीवर पेपर आणि केळ्यांची फणी घेऊन. बाजारापर्यंत जाऊन आले होते. घाम आला होता, कपाळाला पोफळीचं वाळकं पान चिकटलं होतं, आणि म्हणाले काय तर, "सीट जरा उभी पाहिजे. आणि पुढे पिशवीला जागा."

सायकल की कार एवढाच प्रश्न आपण विचारतो, आणि सायकल ज्याला चालवता येते त्याच्यासाठी ती उत्तमच आहे, मला त्यात शंका नाही. पण जो माणूस तोल जातो म्हणून सायकलवरून उतरला त्याच्यासमोर मोटार सोडून काही उरतच नाही, आणि त्याचे पाय तर अजून चालत असतात.

या सगळ्यात निघायला साडेनऊ झाले. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर भरतीचं पाणी होतं म्हणून वरूनच दर्शन, बागमांडल्याहून बोटीने सावित्री ओलांडून वेसवी. तिथून केळशीपर्यंत आतून नुसता चढउतार. पुढच्या डाव्या चाकात बाभळीचा काटा गेला, पण पुढची चाकं 20 इंची आहेत, म्हणजे लहान मुलांच्या सायकलीची ट्यूब चालते, ती कुठल्याही तालुक्याच्या दुकानात मिळते. गाडी बनवणार असाल तर दुसरा साइज घेऊ नका.

केळशीच्या उतारावर मात्र पोटात गोळा आला. सामानासकट सव्वाशे किलो वजन, लांब उतार, आणि ब्रेक फक्त पुढच्या दोन चाकांना, तेही ड्रमचे. सतत दाबून धरल्यामुळे ड्रम तापले, जळका वास आला आणि लिव्हर दांड्यापर्यंत येऊन टेकली तरी गाडी म्हणावी तशी थांबेना. सुदैवाने पुढे रस्ता सपाट झाला आणि उजवीकडे मातीची मोकळी जागा होती, तिथे घेतली. ड्रमवर पाणी शिंपडू नका, आपोआप गार होऊ द्या. नंतर आम्ही प्रत्येक लांब उतारावर मध्ये दोनदा थांबलो, आणि दाबायचा तो जोरात थोडा वेळ दाबून सोडून द्यायचा, धरून ठेवायचा नाही. मागच्या चाकाला तिसरा ब्रेक हवाच, दादाने आता बसवलाय.

दिवस चौथा, केळशी ते हर्णै

पहाटे पत्र्यावर ताडताड आवाजाने जाग आली. जानेवारीत पाऊस! घरातले सगळे ओटीवर येऊन गप्प उभे. आंबा नुकता मोहरला होता, असं ढगाळ राहिलं की तुडतुडे येतात, मोहोर काळा पडतो, परत फवारणीचा खर्च. त्या वातावरणात आम्ही घावणे आणि नारळाचा रस खाल्ला आणि कोणी फारसं बोललं नाही.

पावसातच निघालो. आज गाडीत दादा, सायकलवर मी. आडे, पाडले, आंजर्ले, किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा सुंदर रस्ता, आणि मी दहा मिनिटांत चिंब, चष्म्यावर पाणी, पाठीवर मागच्या चाकाने उडवलेल्या लाल चिखलाचा पट्टा. दादा टप लावून आत कोरडा, गार हवेमुळे घाम पण नाही, फक्त पाय टेकायला खाली ठेवलेल्या भोकांतून थोडं पाणी आत येत होतं. कोकणात चार महिने पाऊस. या गाडीची खरी जागा ते चार महिने आहेत असं मला त्या सकाळी वाटलं, फक्त चाकांवरचे मडगार्ड नीट हवेत.

आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीचा चढ आम्ही गाडी खाली ठेवून चाललो. दुपारी ऊन पडलं.

संध्याकाळी हर्णै बंदर. सुवर्णदुर्गासमोर मासळीचा लिलाव चालू, बैलगाड्या पाण्यात, सुरमई, पापलेट, कोळंबीचे ढीग, कानठळ्या बसतील असा गलका. एका मावशींनी गाडीभोवती फेरी मारली, पायाने चाक दाबून पाहिलं आणि विचारलं, "टोपली कुठं ठेवायची?" मी मागची सामानाची जागा दाखवली. त्यांनी हात घालून अंदाज घेतला. "एक बसंल. मला दोन लागतात. आणि बर्फाचं पानी खाली गळतं, त्याला वाट पायजे." रोज दापोली बाजारात रिक्षाने जातात, शेअर रिक्षात टोपलीचे वेगळे पैसे द्यावे लागतात आणि बाकीची माणसं वासाची कुरकुर करतात. मी म्हटलं मावशी दापोलीचा चढ आहे, भरलेल्या टोपल्या घेऊन पायाने नाही जमणार. म्हणाल्या, "मग पाजपंढरी, आंजर्ल्यातच विकीन." दादाने ते लिहून घेतलं.

दिवस पाचवा, हर्णै ते दापोली

शेवटचा चढ आसूदवरून. सकाळी लवकर निघालो, बागांतून पाटाच्या पाण्याचा आवाज, सावली, गारवा. चढ सगळा हलक्या गिअरमध्ये, चारच्या वेगाने, एकूण अडीच तास लागले. एक गोष्ट राहिली सांगायची: गाडी इतकी बुटकी असल्यामुळे लोकांना वाटतं ट्रकवाल्याला दिसणार नाही. आमचा अनुभव उलटा. सायकलवर असताना गाड्या खांद्याला घासून जात होत्या, व्हेलोमोबाईलला सगळे लांबून वळसा घालत होते, हे काय चाललंय ते बघायला वेग पण कमी करत होते. तरी मागे उंच काठीवर केशरी झेंडा आणि दिवसाही चालू राहणारा मागचा दिवा, हे हवंच. कुत्री मात्र फार मागे लागतात, थांबलं की गप्प होतात. लायसन्स, नंबरप्लेट काही लागत नाही, मोटर नसल्यामुळे. एका नाक्यावर पोलिसांनी विचारलं, आत इंजिन नाही हे बघितलं आणि चहा पाजला.

दापोलीत परतीचा ठरवलेला टेम्पो आलाच नाही, फोन बंद. चार तासांनी आंब्याच्या रिकाम्या पेट्या नेणारा दुसरा मिळाला, त्यात गाडी पेट्यांच्या मधे रचून आणली.

खर्च दोघांचा मिळून राहणं, जेवण, बोटी आणि दोन्ही टेम्पो धरून साडेअठरा हजार, त्यातले बारा टेम्पोचेच.

गेल्या रविवारी श्रीवर्धनहून फोन आला. आजोबांनी दादालाच द्यायला सांगितला. बेडं मोडायला मुलगा तयार आहे पण ते जांभ्याच्या गडग्यात, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीत, बसवलेलं आहे, पावसाळ्याआधी काढलं तर गडगा ढासळेल, तेव्हा गाडीच अरुंद होते का बघ. दादा म्हणाला, अरुंद केली तर वळणावर कलंडेल आजोबा, मग सीट खाली घ्यावी लागेल. पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, "खाली चालेल. उठताना धरायला एक दांडी लाव."

काल वर्कशॉपला गेले होते. जमिनीवर खडूने दोन रेघा आखल्या होत्या, 72 सेंटीमीटरवर, आणि पहिला पाइप कापून झाला होता.